झाकणांची अदलाबदल

१२ फेब्रुवारी

विसरभोळ्या पोरीस,

तुला दोन आज्या आहेत. एक गच्चीवाली, ती तुला आठवते. दुसरी मी. ओळख पटावी म्हणून खूण सांगते: बुटकी, अंगठ्यावर इस्त्रीचा डाग, आणि तू चार वर्षांची असताना जिच्या मांडीवर आइसक्रीम सांडून वर जिलाच म्हणाली होतीस, "तुला नीट बसता येत नाही का?" ती. आठवलं तर ठीक. नाही आठवलं तर हे पत्र शेजारी देऊन टाक, कुणाची तरी आजी हरवली असेल.

लिहितोय खालच्या दुकानातला घड्याळवाला. मी बोलेन तसंच लिहायचं अशी अट आहे. तो मधेमधे सुधारायला बघतो. मी त्याला सांगितलंय, घड्याळं सुधार, मला नको. कुठे वाक्य अर्धवट तुटलेलं दिसलं तर गिऱ्हाईक आलं होतं असं समज.

तर तुझी आई परवा येऊन गेली. उभ्या उभ्याच. लेक लग्न होऊन चांगल्या घरी पडली की तिच्या पायांना बसायची सवय राहत नाही. बोलता बोलता म्हणाली, तुझा पगार वीस तारखेलाच संपतो, म्हणून तू गच्चीवर फोन केलास आणि गच्चीवरून तुला पैसे गेले. मी म्हटलं, बरं झालं हो. हसलेसुद्धा. ती गेल्यावर पालेभाजी निवडायला घेतली आणि बऱ्याच वेळानं बघते तर पानं टाकून देठं ठेवली होती.

गच्चीवर फोन आहे, मान्य. म्हणून तुझा आवाज तिकडे जातो. माझ्याकडे तुझा कागद येतो, तोही घड्याळवाल्याच्या आवाजात. तो घोगऱ्या गळ्यानं "तुझी लाडकी सोनी" असं वाचतो तेव्हा मला कसंसंच होतं.

पैशाचं मला वाईट वाटलेलं नाही. विहीणबाईंकडे आहेत, त्यांनी द्यावेत. तुझ्या बापाची आई आहे, हक्क आहे. मला लागलं ते हे की तू मला विचारलं नाहीस. पैसे नव्हेत गं, पैसे पुरवायची अक्कल. जिला आयुष्यात कधी पुरवून खावं लागलं नाही तिला विचारलंस. पोहायला शिकायचं तर कुणी गच्चीवर जातं का?

विचारलं नाहीस तरी सांगते. माझे डबे तुला आठवत असतील. इस्पितळाच्या लाँड्रीत साबणपूड यायची ते, सगळे चौकोनी, एका मापाचे, त्यामुळे खुणा झाकणांवर. भाड्याच्या झाकणावर जुनी किल्ली चिकटवलेली. दूध-भाजीवर पांढरं बटण. दिव्याच्या बिलावर काडेपेटीचं टोपण. औषधावर बाटलीचं रबरी बूच. आणि शेवटच्यावर बसचं तिकीट, तो मजेचा. मला वाचता येत नाही, माझ्या बोटांना येतं.

पेन्शनला अंगठा उठवून आले की सगळ्या डब्यांत घालते, आणि मजेच्या डब्यातही त्याच दिवशी, त्याच हातानं. उरलं तर मजा करू म्हणणाऱ्यांचं कधी उरत नाही, आणि उरतं तेव्हा गुडघे उरत नाहीत. थोडंच घालायचं, पण घालायचं. औषधाच्या डब्यात साठू द्यावं, आजार सांगून येत नाही. मजेचा डबा मात्र महिन्याच्या आत खडखडीत रिकामा झाला पाहिजे. साठवलेल्या मजेला वास येतो. आणि काही झालं तरी एका डब्याचा पैसा दुसऱ्याच्या कामाला काढायचा नाही. तुझे आजोबा गेले त्या महिन्यातही मी काढला नाही. मजेच्या डब्यात होतं तेवढ्यात बसनं शेवटच्या थांब्यापर्यंत गेले, पुढच्या सीटवर बसून पोटभर रडले आणि परत आले. त्या महिन्याची मजा तीच होती.

अजूनही तेच करते, रडणं सोडून. चांगली शाल, पुढची सीट, शेवटच्या थांब्यावरचं आरशांचं हॉटेल, लांब दांड्याचा चमचा. वेटर विचारतो, "आजी, एक गोळा की दोन?" मी म्हणते, "एकच. पण तू हात मोठा ठेव." सगळ्या आरशांत मीच आइसक्रीम खात असते. एवढ्या पैशात एवढ्या म्हाताऱ्यांची मजा होते, अजून काय पाहिजे?

आता मुद्द्याचं. मे महिन्यात तुझी सुट्टी. गेल्या खेपेला आठ दिवसांतून मला एक दुपार मिळाली, आणि खाली गच्चीवाल्यांची गाडी उभी म्हणून तीही तू खिडकीत काढलीस. यंदा मला आठातले चार दिवस हवेत. मागायची मला लाज नाही. मागून न मिळण्याची आहे. तेव्हा नीट विचार करून उत्तर दे.

खाली अंगठा आहे तो माझाच. डाग दिसेल.

तुझी डब्यांची आजी


९ मार्च

सोनी,

तुझं पत्र पोचलं. काचेच्या बरण्या आणल्यास, मजेची बरणी खिडकीत ठेवलीस, सगळं ऐकलं. आणलंस ते बरं केलंस, पण काच नको. दिसणाऱ्या पैशाला पाय फुटतात. पत्र्याचे डबे घे.

सुट्टीचं मात्र तू "बघू" असं लिहिलंस. घड्याळवाल्याकडून तेवढा शब्द तीनदा वाचून घेतला, "बघू"च निघाला. हा शब्द आमच्या जावईबापूंचा. तुझ्या बोलण्यात आलाय म्हणजे गच्चीवर बोलणं झालेलं दिसतंय.

पत्र वाचून झालं तेव्हा त्याच्या टेबलावर एक डबी उघडी होती. आत मनगटी घड्याळ, सोनेरी पट्ट्याचं. मी विचारलं, कुणाचं? म्हणाला, "गच्चीवाल्या बाईंनी घेतलंय. नातीच्या वाढदिवसाला. पट्टा लहान करायला ठेवलाय."

मी ते हातात घेतलं, कानाला लावलं. चांगलं चालत होतं. मनात आलं, हातातून सुटलं तर? म्हातारीचा हात आहे, कोण काय म्हणणार. नाही सोडलं. पण मनात आलं, म्हणून सांगते. घड्याळवाला म्हणतो, आजी, हे कशाला लिहायचं? मी म्हटलं, चांगलं तेवढं लिहायचं असेल तर पोस्टकार्ड पुरे.

मी दरवर्षी तुला हातरुमाल पाठवते. घडी अशी की कडेनं कागद कापावा. तीस वर्षं चादरी उगाच नाही इस्त्री केल्या. पण सोनेरी घड्याळाशेजारी हातरुमाल ठेवला तर त्यानं काय करायचं? घड्याळ पुसायचं.

म्हणून मी कोट घेतला. चौकातल्या दुकानाच्या काचेत होता तो. लांब, लोकरीचा, बशीएवढी बटणं. तू तिकडे थंडीत कुडकुडतेस असं लिहितेस. घड्याळानं काय ऊब येणार आहे, किती वाजता थंडी वाजली तेवढं कळेल.

तुला वाटेल एवढ्याशा मजेच्या डब्यात एवढा कोट कसा मावला. मावला. औषधाच्या डब्यातून मी मजेसाठी पैसा काढला असं कुणीही म्हणू शकणार नाही. मी फक्त दोन झाकणं इकडची तिकडे केली. बूच मजेच्या डब्यावर गेलं, तिकीट औषधाच्या डब्यावर आलं. मग तिकिटाखालचा डबा उघडला तर आत पुष्कळ निघाले, कोटाएवढे. नियम कुठे मोडला? दाबाच्या गोळ्या संपल्यात, त्या पुढच्या पेन्शनला आणेन. दाब माझा आहे, त्याला माझं ऐकायची सवय आहे.

झाकणांचं आणि गोळ्यांचं एवढं खोडून टाक, असं मी आत्ता घड्याळवाल्याला सांगितलंय. पेन आडवं फिरल्याचा आवाज आला. म्हणजे खोडलं असणार.

घड्याळ आधी पोचेल, कोट नंतर. दोन्ही अंगावर घालून आरशात बघ, आणि आधी कशाकडे नजर जाते ते मला कळव.

डब्यांची आजी


२० मार्च

सोनी,

आज घड्याळवाला वर आलाय लिहायला, कारण मी खाली गेले नाही. जिना हल्ली हलतो. घरमालकाला सांगायला हवं.

कोट अजून इथेच आहे. पोस्टापर्यंत जाणं होत नाही. दुपारी मी तो घालून बघते, माझ्या घोट्यांपर्यंत येतो. खुर्चीत बसले की कोट बसलाय आणि आत कुणी नाही असं वाटतं, हे घड्याळवाल्याचं म्हणणं. त्याला कुणी विचारलं नव्हतं.

बसनं या महिन्यात गेले नाही. मजेच्या डब्यावर बूच आहे, त्यात हात घालवत नाही. आणि तिकिटाच्या डब्यात आता काही नाही. आरशांना चुकल्यासारखं होत असेल.

तुझा वाढदिवस झाला. गच्चीवर फोन आला असेल. घड्याळ फार आवडलं असं सांगितलंस का? नुसतं आवडलं म्हटलंस की फार आवडलं म्हटलंस, एवढं कळव.

आजी


४ एप्रिल

सोनी,

अक्षर बदललेलं तुला दिसलं असेल. मला सगळी अक्षरं सारखीच, पण घड्याळवाला डोकावून म्हणाला, हे फार वळणदार आहे. असणारच, गच्चीवरून उतरलंय. तुझी दुसरी आजी माझ्या खाटेशेजारी खुर्ची ओढून लिहितायत. मी बोलेन तसंच लिहायचं ही अट त्यांनाही घातलीय. त्या मान डोलावतात. पण मला वाचता येत नाही हे त्यांना पक्कं माहीत आहे. तेव्हा यातलं खवचट तेवढं माझं समज, गुळगुळीत दिसेल ते त्यांचं.

झालं असं. दूध घेऊन वर येत होते. मधल्या वळणावर जिना पुरताच फिरला. मी खाली बसले, पिशवी गडगडत गेली. आणि खालून आवाज आला, "विहीणबाई, तुमचं दूध." बघते तर या. एका हातात माझी पिशवी, दुसऱ्या हातानं कठडा धरलेला, माझ्याहून जास्त धापा टाकत. चार वर्षांत पहिल्यांदा माझा जिना चढल्या.

मी म्हटलं, "गाडी बिघडली का?"

म्हणाल्या, "नातीचा फोन आला. म्हणाली, डब्यांच्या आजीच्या गोळ्या आहेत का ते आत्ताच्या आत्ता बघून ये. तुम्ही आधी डोकं खाली करा, टोमणे मग मारा."

म्हणजे त्या घड्याळवाल्यानं खोडलं नव्हतं. मी जाब विचारला तर म्हणतो, "पेन हवेत फिरवलं, आजी." अकरा वर्षं मी ज्याच्या दुकानात बसते तो माणूस. माझं एखादं घड्याळ त्याच्याकडे असतं तर परत मागितलं असतं.

डॉक्टरीणबाईंनी दाब मोजला, यंत्र झटकलं, पुन्हा मोजला. गोळ्या चालू झाल्या. या बाईंनी जवळच्या पैशांतून त्या आणल्या आणि उरलेले पुढच्या गोळ्यांना म्हणून हातात धरून विचारलं, "कुठे ठेवू?" मी म्हटलं, "बूच लावलेल्या डब्यात." त्यांनी बुचाचा उघडला, तळाशी चार नाणी. तिकिटाचा उघडला, तो साफ रिकामा.

"विहीणबाई, तुमची औषधं कुठल्या डब्यातून येतात?"

मग सांगावं लागलं. घड्याळ, कोट, झाकणं, सगळं. सांगताना मी भिंतीकडे तोंड केलं होतं. वाटलं, आता हे गच्चीवर जाणार, जेवताना निघणार, माझी लेक मान खाली घालणार. पण वळून बघते तर या बाई तिकिटाचं झाकण मांडीवर घेऊन बसलेल्या.

म्हणाल्या, "माझ्याकडे एकही डबा नाही."

"तुम्हाला डबा कशाला? तुमच्याकडे कपाट आहे."

"कपाट आहे. किल्ली मुलाकडे आहे. मागितलं की देतो, कधी नाही म्हणाला नाही. फक्त विचारतो, कशाला? त्याचंही चूक नाही, हिशेबाचा माणूस. पण एकटीनं आइसक्रीम खायला जायचंय, हे साठीच्या मुलाला तोंड वर करून कसं सांगू?" मग म्हणाल्या, "मला निळ्या पट्ट्याचं घड्याळ आवडलं होतं. सोनेरी त्यानं पसंत केलं."

सोनी, तुला खरं सांगू? मला तोवर वाटत होतं, घड्याळ तरी त्यांचं आहे.

पुढचं ऐक. त्यांच्या गच्चीवरून आमचा बसथांबा दिसतो. म्हणाल्या, "दर महिन्याला दिसता तुम्ही. ती शाल. बस आली की सगळ्यांना कोपरानं बाजूला करून पुढे घुसता. मी म्हणायची, जाते कुठे ही बाई? एकदा ड्रायव्हरला सांगितलं, त्या बसच्या मागे घे. संध्याकाळी मुलानं विचारलं, आई, बसच्या मागे कशाला? आणि नात फोनवर बोलते ती आरशांचं, लांब चमच्याचं. माझ्या घरी आठ दिवस राहून ती तुमच्याबद्दल बोलते. मार्चात तुम्ही थांब्यावर दिसला नाहीत. मी रोज वर जाऊन बघत होते."

पोरी, कुणीतरी आपला हेवा करतंय हे कळलं आणि माझा निम्मा दाब तिथल्या तिथे उतरला. उरलेला गोळ्यांनी उतरवला. हे वाक्य लिहिणार नाही असं या म्हणतायत. लिहिलंय का ते तूच बघ.

कोट परत गेला. मालक पैसे द्यायला तयार नव्हता. या तिथे नुसत्या उभ्या राहिल्या, म्हणे. गाडीतून उतरलेल्या बाईला उभं ठेवायची त्याला सवय नव्हती, दिले. झाकणं आपापल्या जागी गेली. मी स्वतः बसवली, यांना हात लावू दिला नाही. तू रुसू नकोस, हातरुमाल निघालाय. घड्याळ पूस त्यानं.

तू फोनवर यांना काय म्हणालीस ते या सांगत नाहीत. चेहऱ्यावरून दिसतं की माझ्या बाजूचं होतं, म्हणून मी दिवसातून दोनदा विचारते. एवढंच बाहेर पडलं की तुझा पगार या खेपेला एकतीस तारखेला पोचला, तोही मजेच्या बरणीतून तू होडीत बसून आलीस तरी. आणि आठातले पाच दिवस माझ्याकडे. मी चार मागितले होते. पाचवा कशाबद्दल ते विचारत नाही, चुकून दिला असशील तर परत घेशील.

आता नवी कटकट. त्या पाचांतल्या एका दिवशी बसनं जायचं, तिघींनी. आणि पुढच्या सीटवर दोघीच मावतात. मी सुचवलं, जाताना तू यांच्याशेजारी बस, येताना माझ्या. येताना गर्दी असते, बस हळू चालते, वेळ दुप्पट लागतो, हे मी यांना सांगितलं नव्हतं. आता लिहिताना कळलं. या पेन खाली ठेवून म्हणतात, नाणं उडवू. मी म्हटलं, उडवा, पण नाणं कुणाच्या डब्यातलं?

त्यांनी काल जावईबापूंना सांगितलं, पहिल्या तारखेला मला ठरलेले पैसे द्यायचे. त्यांनी विचारलं, "कशाला?" या म्हणाल्या, "ते विचारायचं नाही, हाच त्यातला भाग आहे."  ते म्हणाले, "बघू." आणि जेवण झाल्यावर "बरं" म्हणाले. मला वाटलं होतं ऐकून मी खूश होईन. झाले. पण वेटरनं यांच्यासाठी हात माझ्यापेक्षा मोठा ठेवला तर मी ते हॉटेल बदलेन, हे आत्ताच सांगून ठेवते.

डब्यांची आजी

(आणि गच्चीची. हे मी माझ्या मनानं लिहिलं आहे, त्यांना वाचून दाखवणार नाही.)

ता. क. सुट्टीची वाट बघू नकोस, बिस्किटं आधीच पोस्टानं पाठव, कारण पहिली तारीख तुझ्या आधी येते. लोण्याची यांना, आल्याची मला. दोन्ही मिळाली नाहीत तर कुठलीही चालतील. डबा यांच्या पैशांना लागणार आहे, तो मात्र पत्र्याचा हवा, आणि गोल. त्याचं झाकण माझ्या एकाही डब्याला बसता कामा नये.